पेन्सिलीतले शेरे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, रोज सकाळी ज्यांच्याबरोबर फिरायला जातो त्या दोघा निवृत्त मास्तरांना तर नाहीच नाही. त्यांना सांगितलं तर दुपारपर्यंत गावभर होईल, असं मी मनाशी म्हणायचो. खोटं आहे ते. ते बिचारे कुणाला काही सांगत नाहीत. मलाच सांगायचं नव्हतं.

मग आज कावून सांगतोय? — बघा, आमच्याकडचा शब्द आला तोंडात. वर्गात तीस वर्षं 'का' म्हणालो, 'कशासाठी' म्हणालो, पण आतलं काही बाहेर काढायचं झालं की 'कावून'च येतो. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल. ओळखीचं माणूस समोर बसलं की माझा लगेच 'सर' होतो. आणि सर कधी चुकत नाहीत.

अंबाजोगाईच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवायचो. ऐन तिशीत माझं कथांचं पुस्तक आलं. एकच. त्याला बक्षीस मिळालं, दोन-चार शाली मिळाल्या, आणि बीडपासून परळीपर्यंत जिथं म्हणून साहित्याचा कार्यक्रम असेल तिथं मला खुर्ची मिळू लागली. पुढं वीसेक वर्षं मी एक ओळ लिहिली नाही. लोक विचारायचे, "सर, नवीन काय?" मी म्हणायचो, "चाललंय." काय चाललं होतं, डोंबल! टेबलावर कोरे कागद होते आणि त्यांच्यावर चष्म्याचं घर ठेवलेलं होतं.

लिहिता येत नव्हतं म्हणून मी दुसऱ्याचं वाचून द्यायला लागलो. केजहून, धारूरहून, धर्मापुरीहून पोरं-पोरी वह्या घेऊन यायची. कविता असायच्या, कथा असायच्या, एकाचं तर बैलाचं आत्मचरित्र होतं. माझी एक पद्धत होती. पहिलं वाचन पेन्सिलीनं करायचं. समासात येईल ते लिहायचं — 'वा', 'हे कशाला', 'झोप आली', 'इथं रडू आलं'. तो शेरा फक्त माझ्यासाठी असायचा. मग फुलस्केप घेऊन त्यावर पेनानं मुद्दे काढायचे. आधी तीन चांगल्या गोष्टी, मग सुधारणा, शेवटी शुभेच्छा. वही परत देण्याआधी पेन्सिलीचं सगळं खोडरबरानं पुसून टाकायचं. "सर स्पष्ट सांगतात, पण दुखवत नाहीत," असं माझ्याबद्दल म्हटलं जायचं, आणि ते मला फार आवडायचं.

पेन्सिलीचा शेरा खरा असायचा, पेनाचा सभ्य. दोघांत फारसं अंतर कधी पडलं नाही. एकदाच पडलं.

प्रज्ञा माझ्या वर्गात दोन वर्षं होती. कोपऱ्यातल्या बाकावर बसायची, प्रश्न विचारायची नाही. मग बी.ए. सोडून नर्सिंगला गेली आणि गावातल्याच एका खासगी दवाखान्यात लागली. मूळची चौसाळ्याची. वडिलांचं हायवेला शिलाईचं दुकान. पहिल्या वर्षी हजेरी घेताना मी तिला आडनाव विचारलं होतं, गाव विचारलं होतं, आणि मनात एक खूण करून ठेवली होती. कसली, ते तुम्हाला कळतं. आम्ही धर्मापुरीकडचे बागायतदार, त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर. मी वर्गात समतेवर इतकं छान बोलायचो की पोरं टाळ्या वाजवायची. आणि खूण मनात तशीच असायची.

एका रविवारी सकाळी ती घरी आली. हातात बँडेजच्या पट्टीनं बांधलेला कागदांचा गठ्ठा. दवाखान्यानं तापाचे तक्ते बदलले होते, जुने रद्दीत निघाले होते, त्यांच्या कोऱ्या बाजूवर तिनं लिहिलं होतं. पेशंट झोपले की खुर्चीत बसून.

"कादंबरी हाय सर," ती म्हणाली. "लई कच्ची हाय. मधी एका जागी गुंता झालाय आन् शेवट तर जमंनाच. येवढं बघून सांगता का?"

"कशावर आहे?"

"न्हाई त्या गावावर हाय, सर. म्हंजे — तसं गावच कुठं न्हाई."

मी हसलो असणार. अशा वेळी मी हसायचो.

ती गेल्यावर मी पहिलं पान उचललं ते नुसतं चाळायला. दुपारचं जेवण राहिलं, चहा दोनदा गार झाला. सांगू का त्यात काय होतं? सांगायलाच हवं, नाहीतर मी काय केलं ते कळायचं नाही.

आळवट नावाचा एक मुलुख. तिथली नदी सहा महिने इकडून तिकडे वाहते आणि सहा महिने तिकडून इकडे. नदी फिरायच्या दिवशी गावातलं प्रत्येक माणूस आपलं नाव पानावर लिहून पाण्यात सोडतं आणि नवं नाव घेतं. एक म्हातारी आहे, ती नावं देते. त्यामुळं तिथं कुणाला कुणाचं घराणं ठाऊक नाही. 'तू कुणातली?' हा प्रश्नच त्यांच्या भाषेत नाही. वाचता वाचता मला ती हजेरी आठवली. पण तिनं त्यावर भाषण केलं नव्हतं, राग काढला नव्हता. तिथली माणसं भाकरी करत होती, भांडत होती, लग्नं लावत होती, त्या प्रश्नाशिवाय. बस्स.

आणि त्या गावात रुई नावाची सात वर्षांची पोर. तिची आई नुकतीच वारलेली. नदी फिरायचा दिवस येतो आणि रुई नाव सोडत नाही. आईनं शेवटची हाक ज्या नावानं मारली ते नाव पाण्यात गेलं, तर आईची हाकही जाईल. आणि एकानं जरी नाव धरून ठेवलं तर नदी फिरत नाही. पाणी थांबतं. शेतं वाळायला लागतात. गाव त्या पोरीच्या दारात येऊन उभं राहतं — कुणी ओरडत नाही, नुसतं उभं राहतं. इथं तिचं लिहिणं थांबलं होतं. एका बाजूला अख्खं गाव, एका बाजूला आईची हाक. काय करावं तिला सुचत नव्हतं.

मी समासात काय काय लिहिलं, ते मला पाठ आहे. 'वा.' 'वा, पोरी.' गाव दारात उभं राहतं तिथं लिहिलं, 'हे मला जन्मात जमलं नसतं.' आणि शेवटच्या पानाशी पोचलो तर — काय सांगू — मला शेवट दिसला. वीस वर्षांत मला असं काही दिसलं नव्हतं. नावं देणारी म्हातारी पुढं येते आणि रुईला म्हणते, "तुझं नाव मी घेते. आजपासून मी रुई. तू मला रोज हाक मार." नाव सुटतं, पण गावातच राहतं. पोरीला ते रोज उच्चारता येतं. नदी फिरते. मी तेवढ्या चार ओळी तिच्या शेवटच्या पानाखाली पेन्सिलीनं लिहिल्या. त्या वेळी मला फक्त आनंद झाला होता, हे खरं आहे.

तो आनंद तासभर टिकला. मग मी तोंड धुतलं, आरशात बघितलं. हेवा वाटला मला. साधा, घाणेरडा हेवा. आता त्याला मोठं नाव कशाला द्यायचं? कोपऱ्यात बसणारी, बी.ए. अर्धवट सोडलेली, तापाच्या तक्त्यावर लिहिणारी ही पोर — हिला कसं दिसलं? मला शाली मिळाल्या होत्या. मला का नाही दिसलं? आणि त्याखाली आणखी एक होतं, त्याहून वाईट. हिनं आळवट का लिहावं? हिनं आपलं दुःख लिहावं की! ते मी वाचलं असतं, हळहळलो असतो, प्रस्तावना लिहिली असती. तिनं माझ्याकडं रडत यायला हवं होतं, आणि ती एक अख्खा मुलुख घेऊन आली होती, ज्यात माझ्यासारख्याला जागाच नव्हती.

मी फुलस्केप घेतला.

मुद्दे काढले. आधी रिवाजाप्रमाणे तीन चांगल्या गोष्टी — भाषा ओघवती आहे, निरीक्षण सूक्ष्म आहे, चिकाटी कौतुकास्पद आहे. मग सुधारणांचे एकोणीस मुद्दे. काल्पनिक प्रदेशाशी वाचकाचं नातं जुळत नाही. नदीचं उलट वाहणं पटत नाही. लेखिकेनं स्वतःच्या समाजाचं जगणं मांडावं, तेच तिचं खरं भांडवल आहे. सातवा मुद्दा असा होता — वडिलांची व्यसनाधीनता दाखवल्यास संघर्षाला धार येईल. एकही शब्द कडवट नव्हता. कुणीही वाचलं असतं तर म्हणालं असतं, सरांनी किती मनापासून वाचलंय!

पुढच्या रविवारी ती आली. मी तो कागद तिला वाचून दाखवला. ती गुडघ्यावर वही धरून लिहून घेत होती. मग थांबली.

"सर, आमचं जगणं तर माझ्या आईला बी सांगता येतंय," ती हळूच म्हणाली. "आळवट मलाच दिसतंय."

सांगा, एवढं स्वच्छ कुणी बोललं असतं का? तेव्हा तरी मी शरमायला हवं होतं. मी म्हणालो, "प्रज्ञा, सुरुवातीला सगळ्यांनाच असं वाटतं."

"आन् शेवट, सर? शेवटाचं काई सुचलं का तुमाला?"

"ज्याला बूडच नाही त्याला शेवट कुठून असणार?"

असं म्हणालो मी. आवाज प्रेमळ होता. तिनं मान हलवली. आमच्याकडं सरांनी सांगितलं की पोरं ते खरं धरून चालतात, वाद घालत नाहीत. तो विश्वास मी इतकी वर्षं पगारासारखा घेत आलो होतो. तिनं गठ्ठा मागितला तेव्हा मी म्हणालो, "राहू दे माझ्याकडं. जुन्याकडं बघायचंच नाही आता. नव्यानं लिही." पेन्सिल मी पुसलेली नव्हती ना. एक शेरा पुसायला गेलो होतो, पण तो कागद इतका पातळ की फाटलाच. आणि खरं सांगायचं तर — पुसायचं मनात नव्हतं. त्या समासात मी खूप दिवसांनी खरा बोललो होतो.

वर्षभरात ती नवं लिहून घेऊन आली. एकोणीसच्या एकोणीस मुद्दे पाळलेले. एकही सोडलेला नाही. आळवट गेलं, नदी गेली, रुई गेली. वस्ती आली, हाल आले, आणि दारू पिऊन आईला मारणारा बाप आला.

तिचे वडील दारू पीत नव्हते. मी ओळखत होतो त्यांना. चौसाळ्याला एकदा गाडी थांबवून मी त्यांच्याकडून फाटलेली बाही शिवून घेतली होती, तर त्यांनी पैसे घेतले नव्हते. "पोरीचे सर तुमी," म्हणाले होते. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नसत. आणि मी मुद्दा क्रमांक सातमध्ये त्यांच्या हातात बाटली दिली होती.

ते हस्तलिखित मी वाचलं. मेलेलं होतं. वाक्यं बरोबर, जीव नाही. आणि मी तिला काय म्हणालो? म्हणालो, "आता जमलं." त्याच पेनानं प्रस्तावना लिहिली. 'लेखिकेचा अस्सल, जगलेला अनुभव' असं त्यात लिहिलं. छापलं गेलं ते.

प्रकाशनाचा कार्यक्रम इथंच झाला, एका छोट्या सभागृहात. तिचे वडील इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. सूत्रसंचालकानं वाचायला नेमका बापाचा उतारा काढला. माणसं हळहळली. मागं कुणीतरी कुणाच्या तरी कानात काही सांगितलं आणि दोघांनी पहिल्या रांगेकडं बघितलं. शिंपीदादा मान खाली घालून शर्टाच्या बटणाशी चाळा करत बसले. उतारा संपल्यावर सगळ्यांच्या पाठोपाठ त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मग प्रज्ञा बोलायला उभी राहिली. "सरांनी वाट दाखवली," एवढंच म्हणाली आणि बसली. माझ्या गळ्यात हार होता. मी काय करायला हवं होतं, ते मला त्याही क्षणी कळत होतं. मी हाराची फुलं नीट केली.

त्यानंतर तिनं काही लिहिलं नाही. मी कुणाकुणाला विचारलं, तर म्हणाले, "लग्न झालं, सरकारी नोकरी लागली चौसाळ्याकडं, कुठं वेळ मिळतो?" मीही मान हलवली. वेळ मिळत नाही, हे सगळ्यांना पटतं.

इथपर्यंतचं ऐकून कदाचित तुम्ही म्हणाल — जाऊ द्या, माणूस आहे, जळला. पण मी अजून मूळ गोष्टीला आलोच नाही. बघा, किती फिरवून आणलं तुम्हाला. सवय आहे.

पुस्तकानंतर आठेक वर्षांनी, मी निवृत्त झाल्यावर, प्रज्ञा पुन्हा घरी आली. सकाळची वेळ होती, मी पेपर वाचत होतो. बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी. प्रज्ञा थोडी जाड झाली होती, डोळ्यांखाली ड्यूटीचा थकवा. वडिलांची चौकशी केली तर म्हणाली, "दोन वरसं झाली सर, गेले." मला समजलंच नव्हतं. पाणी झालं, चहा झाला. मग ती संकोचून म्हणाली —

"सर, ती पहिली पानं हायत का हो तुमच्याकडं? तापाच्या कागदावरली? हिला गोष्ट सांगावं म्हनलं, तर मला सगळं आठवंनाच. थोडं थोडं आठवतंय. मधलं पार गेलं."

कपाट माझ्या पाठीशी होतं. हात मागं केला असता तर दाराला लागला असता. गठ्ठा वरच्याच फळीवर होता, तीच बँडेजची पट्टी. पण दिला असता तर तिनं समास वाचला असता. 'वा, पोरी.' 'हे मला जन्मात जमलं नसतं.' आणि शेवटच्या पानाखाली माझ्या अक्षरात तो शेवट. तिला कळलं असतं की मला तेव्हाच सगळं कळलं होतं.

मी म्हणालो, "ती मी तुला तेव्हाच परत दिली होती की."

ती गोंधळली. कपाळाला आठी घालून आठवायला लागली. मी तिला आठवू दिलं. मग तिचं तोंड एकदम उतरलं आणि ती स्वतःवरच चिडून म्हणाली, "असंल सर. मीच हरवली असतील. घर बदलताना रद्दीत गेली असतील, दुसरं काय! माझंच ध्यान न्हाई."

म्हणजे गुन्हाही तिनंच घेतला. मी तो घेऊ दिला. वर मी असंही म्हणालो, "होतं असं, वाईट वाटून घेऊ नको."

ती उठली, पिशवी खांद्याला लावली आणि मुलीला म्हणाली, "चल रुई."

मी बघतच राहिलो. ती कसनुशी हसली. "नाव तेवढं ठिवलं, सर. कुटंतरी ऱ्हावं म्हनलं."

दारापाशी ती पोर थांबली. आईसारखीच आवाज न चढवता बोलणारी.

"आई म्हनती तुमी समदी गोष्ट वाचलीय."

"हो."

"मंग नदी फिरली का न्हाई?"

प्रज्ञाही थांबली. तिलाही ऐकायचं होतं, तिच्या तोंडावर दिसत होतं. तिच्याच गोष्टीचा शेवट ती माझ्याकडून ऐकायला दारात उभी होती, दुसऱ्यांदा. कागदांचं सोडा. चार ओळी होत्या. तोंडानं सांगता आल्या असत्या. 'आज सुचलं' म्हणून सांगितलं असतं, तरी माझं काही उघडं पडलं नसतं. चहाचा कप खाली ठेवायला लागतो, तेवढाच वेळ लागला असता.

"मला नाही माहीत, बाळ," मी म्हणालो.

पोरीनं आईकडं बघितलं. प्रज्ञानं तिचा हात धरला, मला वाकून नमस्कार केला आणि दोघी स्टँडकडं गेल्या.

गठ्ठा अजून वरच्या फळीवर आहे. मधून मधून काढून वाचतो. दर वेळी आवडतो. चौसाळा इथून दीड-दोन तासांवर आहे, मी गेलेलो नाही. कागद पिवळे पडलेत, पेन्सिल मात्र अजून स्पष्ट दिसते. शेवटच्या पानावर म्हातारी पुढं येते, पोरीचं नाव स्वतःला घेते, आणि नदी फिरते. मला माहीत होतं. त्या पोरीनं विचारलं तेव्हाही माहीत होतं.